‘निसर्गपूजक’ या शब्दाविषयी एक तक्रार

काही महिन्यांपूर्वी एका महाविद्यालयातील लोकसाहित्यविषयक चर्चासत्रात एका सत्राचे अध्यक्षपद माझ्याकडे आले होते. सत्राचा विषय ‘ईशान्य भारतातील कृषिउत्सव’ असा होता. एका सहाध्यापकांनी मणिपूरमधील तांगखुल नागांच्या सणांवर निबंध वाचला. निबंध मेहनतीने लिहिलेला होता, सणांची नावे, महिने, वेशभूषा यांचा तपशील त्यात होता. परंतु वीस मिनिटांत ‘निसर्गपूजा’ आणि ‘निसर्गपूजक’ हे दोन शब्द इतक्या वेळा आले की पुढेपुढे मी ते मोजू लागलो. समारोपात हे ‘निसर्गाच्या कुशीत राहणारे भोळे बांधव’ नृत्यगायनातून धरणीमातेविषयी कृतज्ञता व्यक्त करतात, असा निष्कर्ष निघाला. टाळ्या झाल्या. अध्यक्ष या नात्याने मीही वाजवल्या.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. मूळची उख्रुलची, पुण्यात पदव्युत्तर शिक्षण घेणारी. ती हिंदीत जे म्हणाली त्याचा आशय असा : “सर, लुइराच्या आधी कुणालाही बी टाकायला मनाई असायची, एवढंच माझी आजी सांगायची. पूजेबद्दल ती फारसं बोलायची नाही. तुमच्याकडे पोळा असतो ना? ती बैलाची पूजा, की बैलाची सुट्टी?” सभागृहात थोडे हसू पिकले. निबंधवाचकांनी ‘दोन्हीही’ असे उत्तर देऊन स्वतःची सुटका करून घेतली आणि वेळ संपल्यामुळे मी सत्र आटोपते घेतले.

तो प्रश्न मात्र माझ्याकडून आटोपता आला नाही. कारण ‘आदिवासींच्या निसर्गपूजेचे स्वरूप सोदाहरण स्पष्ट करा’ हा प्रश्न मी स्वतः अनेक वर्षे परीक्षेत काढत आलो आहे, आणि त्याची एकसारखी, एकाच मार्गदर्शिकेतून उतरवलेली उत्तरे तपासून त्यांना गुणही देत आलो आहे. तेव्हा पुढील तक्रार त्या सहाध्यापकांविरुद्ध नाही. ती आपल्या सर्वांच्या लेखणीत मुरलेल्या एका शब्दाविरुद्ध आहे, आणि आरोपींच्या यादीत प्रस्तुत लेखकाचे नाव आहेच.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. तांगखुल लोकांची वस्ती मुख्यतः मणिपूरच्या पूर्वेकडील उख्रुल आणि २०१६ मध्ये त्यातून वेगळा झालेला कामजोंग या जिल्ह्यांत आहे. सीमेपलीकडे म्यानमारच्या सोमरा भागातही त्यांची गावे आहेत. काही गावांत डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची पाण्याखालची भातशेती आहे, काही ठिकाणी जंगल तोडून, जाळून केलेली फिरती शेती. गाव हे येथील जीवनाचे खरे एकक. बोली गावागणिक इतकी बदलते की आज जी प्रमाण तांगखुल मानली जाते ती मुळात उख्रुलची, म्हणजे हुनफुन गावची बोली. मिशनच्या शाळांनी आणि रोमन लिपीतील छापील पुस्तकांनी ती सर्वांची केली. सणाला तांगखुलमध्ये ‘फानित’ म्हणतात, आणि हे फानित वर्षभराच्या शेतीच्या अंगाने लावलेले आहेत.

त्यांतला पहिला आणि सर्वांत मोठा लुइरा फानित. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, पेरणीच्या तोंडावर तो येतो. आज त्याची छायाचित्रे पाहिली तर लाल-काळ्या विणीची वस्त्रे ल्यालेल्या अविवाहित मुलींचे ‘ला खांगानुई’ हे सामूहिक गायन-नृत्य दिसते, ढोल दिसतो, शिंगांचे शिरोभूषण दिसते. छायाचित्रात जे दिसत नाही ते असे : गावचा प्रमुख, ज्याला आवुंगा म्हणतात, तो आधी बी टाकतो. त्याने टाकेपर्यंत दुसऱ्या कोणी टाकायचे नाही. सणाचा कणा हा आहे. नृत्य त्या कण्यावर चढलेले मांस आहे, आणि ते सुंदर आहे हे मी नाकारत नाही.

आता ही मनाई कशासाठी, याचा विचार एखाद्या शेतकऱ्याच्या डोक्याने करून पाहावा. डोंगरावरील पायऱ्यांच्या शेतीत वरच्या खाचरातले पाणी खालच्या खाचरात उतरते. एकाने घाई केली वा एकाने उशीर लावला तर ते दोघांचेही नुकसान असते. एखाद्याचेच शेत आधी पिकले तर परिसरातील सगळी पाखरे आणि उंदीर त्याच्यावर तुटून पडतात. सगळ्यांचे एकदम पिकले तर तोच उपद्रव विभागला जातो. मोकाट गुरे कधी बांधायची, कुणाच्या शेतावर कोणत्या दिवशी कुणी हात लावायला जायचे, हे ठरवायला एक सामायिक आरंभबिंदू लागतो. आवुंगाचे पहिले बी हा असा आरंभबिंदू होय. हे स्पष्टीकरण माझे आहे. एखादी तांगखुल आजी कदाचित ‘असेच चालत आले आहे’ एवढेच म्हणेल. परंतु आपल्याकडील पाणीवाटपाची पाळी पाळणारा शेतकरीही पुष्कळदा एवढेच म्हणतो, आणि म्हणून आपण त्या पाळीला जलपूजा म्हणत नाही.

पुढचे सणही पाहावेत. लावणी आटोपल्यावर, ऐन पावसाळ्यात मांगखाप येतो. तो कष्टाच्या हंगामानंतरच्या विश्रांतीचा सण आहे. कंबर मोडेस्तोवर चिखलात वाकलेल्या माणसांना गावाने मिळून दिलेली सवड. यारा हा तरुणांचा सण. कापणी होऊन धान्य घरात आल्यावर, डिसेंबरच्या सुमारास, चुम्फा येतो. त्यात मुख्य मान घरच्या बायकांकडे असतो, आणि लेकी-बहिणींना विशेष स्थान असते. पेरणीचा आरंभ आवुंगाच्या हातून आणि साठवणीच्या सणात मान बाईचा, ही वाटणी सहज झालेली नाही. घरात आलेल्या धान्यावर शब्द कुणाचा चालायचा, याविषयीचे ते विधान आहे. आपल्या निबंधांत मात्र चुम्फाची एका ओळीत ‘सुगीचा सण’ अशी बोळवण होते.

आणि मग थिसाम. मला या सर्वांत अधिक विचार करायला लावणारा सण हाच. थिसाम हा मृतांच्या निरोपाचा सण असून तो कापणी आणि नवी पेरणी यांच्या मधल्या थंडीच्या दिवसांत येतो. वर्षभरात गावात जी माणसे वारली, त्यांचे आत्मे तोवर गावाच्या आसपासच आहेत अशी समजूत असे. मृताच्या जागी एक जिवंत माणूस उभा राही. त्याला थिलाकापो म्हणत. मृताचे घरचे लोक त्याला मृताच्या नावाने खाऊपिऊ घालत, त्याच्याजवळ रडत, त्याच्याशी बोलत. अखेरीस मशालींच्या उजेडात त्या वर्षीच्या सगळ्या मृतांना गावाबाहेर, काझेइरामच्या म्हणजे मृतांच्या देशाच्या वाटेला लावले जाई.

आपल्या श्राद्धाशी याची तुलना करण्याचा मोह आवरावा, निदान घाई करू नये. आपले श्राद्ध कुटुंबाचे असते, तिथीवार असते आणि दरवर्षी पुन्हा येते. थिसाममध्ये सबंध गाव एका वेळी, त्या वर्षीच्या सर्व मृतांना, एकदाच निरोप देते. वर्षाचे दुःख वर्षातच मिटवायचे, आणि ते मिटल्याशिवाय नव्या बियाण्याला हात लावायचा नाही, असा हा क्रम आहे. शोकाला मुदत घालून देणारी आणि ती मुदत शेतीच्या वेळापत्रकात बसवणारी ही व्यवस्था आहे. हिला ‘निसर्गपूजा’ म्हणताना यात निसर्ग नेमका कुठे आहे आणि पूजा नेमकी कुणाची, हे कुणीतरी मला समजावून सांगावे.

याच संदर्भात मारान या मोठ्या मेजवानीचा उल्लेख करायला हवा. ज्याच्याकडे धान्य आणि जनावरे अधिक झाली, त्याने गावाला जेवू घालावे. त्याबदल्यात त्याला मान मिळे आणि त्याच्या घरासमोर तारुंग नावाचे लाकडी खांब उभे राहत. म्हणजे साठलेले धान्य खर्चून प्रतिष्ठा मिळवायची. ज्या समाजात भाताचे कोठार हीच संपत्ती होती, तेथे कोठार रिकामे करणाऱ्याला मोठा म्हणायचे, ही एक आर्थिक कल्पना आहे आणि ती भोळी मुळीच नाही.

‘निसर्गपूजा’ या शब्दाचे दोन्ही अवयव अशा रीतीने चुकतात. ‘निसर्ग’ ही संकल्पना मनुष्याला बाहेर ठेवून तयार होते. ती शहरात राहणाऱ्याची आहे. तांगखुलांच्या जुन्या श्रद्धेत ‘कामेओ’ म्हणजे आत्मे, शक्ती आहेत, आणि त्या जागोजागच्या आहेत. फिलावा देवतेची कथा शिरुई पर्वताशी जोडलेली आहे. कोणत्याही पर्वताशी नव्हे. आणि ‘पूजा’ म्हटले की आपल्यापुढे भक्तिभाव, हात जोडणे, कृतज्ञता येते. तेथे जे होते त्यात देवाणघेवाण होती, बळी होते, पथ्ये होती आणि भीतीही होती. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी या पथ्यांना ‘गेन्ना’ असा शब्द रूढ केला. मणिपूरमध्ये काम केलेल्या टी. सी. हॉडसन यांनी १९११ च्या आपल्या ग्रंथात त्यांचे विस्ताराने वर्णन केले आहे. गेन्नाच्या दिवशी काम बंद, कधी गावाची वेस बंद, परक्याला प्रवेश नाही. वसाहतीचा अधिकारी असूनही हॉडसन यांना सणातला निषेध दिसला. आपल्याला नृत्य तेवढे दिसते.

येथे कुणी असा समज करून घेऊ नये की मी जुन्या व्यवस्थेचे गोडवे गातो आहे. त्या काळी गावागावांत वैर होते, शिरे कापून आणली जात, आजारपणात बळीमागून बळी देऊन कुटुंबे खंक होत. १८९६ मध्ये विल्यम पेटिग्रू हे स्कॉटिश मिशनरी उख्रुलला आले, त्यांनी शाळा काढली, १९०१ मध्ये पहिले बाप्तिस्मे झाले, आणि पुढील काही दशकांत बहुतेक तांगखुल समाज ख्रिस्ती झाला. मिशनने तांदळाची दारू, बळी, तरुणांची ‘लोंगशिम’ ही शयनगृहे यांना विरोध केला आणि त्याबरोबर सणही पुष्कळसे आटले. यात गमावले गेले ते मोठे होते. परंतु भीतीतून सुटका करून घेण्याचा निर्णय त्या लोकांचा होता, आणि त्यांना ‘फसवले गेलेले’ म्हणणे हाही त्यांना भोळे म्हणण्याचाच एक प्रकार आहे.

मिशनने या सणांना अंधार म्हटले, याचा राग आपल्याकडे पुष्कळांना आहे. मग आपण काय म्हटले? मालवणात जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राची परंपरा घडवणारे गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या ग्रंथात आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ ठरवले. त्यांच्या विवेचनाचा मुख्य भर मध्य भारतावर होता. पण ते सूत्र आज ईशान्येपर्यंत ताणले जाते आणि लुइरा म्हणजे ‘आपलेच भूमिपूजन’ असे निःशंकपणे लिहिले जाते. घुर्यांच्या विरोधी बाजूस होते व्हेरिअर एल्विन, ज्यांचे भारतातील आयुष्य १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात सुरू झाले. १९३९ च्या बैगांवरील ग्रंथात त्यांनी आदिवासींना बाहेरच्या जगापासून काही काळ संरक्षित ठेवावे असे सुचवले. एकाला ते आपल्यात विरघळायला हवे होते, दुसऱ्याला ते आहेत तसे राहायला हवे होते. दोघेही मोठे अभ्यासक. वादात आदिवासी मात्र बोलत नव्हते. आपला ‘निसर्गपूजक’ हा शब्द या दोन्ही बाजूंना चालतो, हीच त्याची खुबी आणि हाच त्याचा दोष. ‘सर्वच भारतीय निसर्गपूजक’ म्हणून तो त्यांना आपल्यात ओढतो, आणि ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणून त्यांना शाळा, न्यायालय, विधानसभा यांच्या बाहेरही ठेवतो.

तिसरा वाटेकरी पर्यटनाचा. २०१७ पासून उख्रुलमध्ये राज्यपातळीवर शिरुई लिली महोत्सव भरू लागला. मणिपूरमधील हिंसाचारामुळे २०२३ आणि २०२४ ही दोन वर्षे तो होऊ शकला नाही आणि २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा झाला. अशा महोत्सवाने तेथील तरुणांना कमाई आणि व्यासपीठ मिळते. त्यावर नाक मुरडण्याचा अधिकार पुण्या-मुंबईच्या प्राध्यापकाला नाही. एवढेच लक्षात असावे की महोत्सवाची तारीख शासन ठरवते आणि लुइराची तारीख गाव ठरवत असे. मंचावर नृत्य होऊ शकते. ‘आज कुणीही बी टाकायचे नाही’ हे मंचावर होऊ शकत नाही.

एक आक्षेप मला अपेक्षित आहे. तो असा की तांगखुल आता ख्रिस्ती आहेत, लुइरा चर्चच्या प्रार्थनेने सुरू होतो, मग जुन्या अर्थाचा हा उहापोह कशासाठी? परंतु ‘अस्सल’पणाची ही अट आपण स्वतःला कधी लावतो? ट्रॅक्टरने नांगरणाऱ्या गावात भाड्याने आणलेल्या वा मातीच्या बैलांचा पोळा होतो, आणि त्याला कुणी खोटा म्हणत नाही. दरवर्षी १५ फेब्रुवारीला मणिपूरमधील नागा जमाती ‘लुइ-न्गाइ-नी’ हा सामायिक बीजोत्सव साजरा करतात. त्याचे नावच वेगवेगळ्या नागा भाषागटांतील शब्द जोडून केलेले आहे आणि त्यातला ‘लुइ’ हा तांगखुलांचा. हा सण जुना नाही, तो विसाव्या शतकाच्या अखेरीस एकत्र येण्याच्या राजकीय गरजेतून घडला, आणि तरीही तो खराच आहे. रेव्बेन माशांग्वा हे तांगखुल गायक जुनी लोकगीते गिटारच्या साथीने, ब्लूजच्या ढंगात गातात. चर्चने दूर सारलेल्या सुरांना त्यांनी पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपला वारसा कसा वागवायचा हे त्या समाजात चाललेले भांडण आहे. त्यात निकाल देण्यासाठी आपल्याला कुणी बोलावलेले नाही.

मग एका शब्दासाठी एवढा त्रागा का? शब्दामागे जमीन आहे म्हणून. मणिपूरच्या डोंगराळ भागाला राज्याचा १९६० चा जमीन महसूल कायदा सामान्यतः लागू नाही. तेथे जमिनीवरील हक्क प्रथेने चालतो. प्रथा म्हणजे काय? कोणते शेत कुणाचे, कोणते रान गावाचे, कोण आधी पेरणार, कोण केव्हा थांबणार, हेच. म्हणजे आपण ज्याला ‘उत्सव’ म्हणतो त्यात तेथील जमिनीच्या वहिवाटीचा दस्तऐवज दडलेला आहे. आपण त्याला पूजा म्हटले की तो धर्मखात्यात जातो, नृत्य म्हटले की सांस्कृतिक खात्यात. महसूल खात्यात तो कधीच पोचत नाही.

याचा अर्थ काय होतो हे थौबल नदीवरील मापिथेल धरणाने दाखवले. १९८० मध्ये मंजूर झालेल्या थौबल बहुउद्देशीय प्रकल्पाचे हे धरण. २०१५ च्या जानेवारीत त्यात पाणी भरू लागले आणि चाडोंग हे तांगखुल गाव आपल्या भातखाचरांसह पाण्याखाली गेले. जानेवारी म्हणजे निरोपाचे दिवस सरत आलेले आणि बियाण्याचे दिवस समोर. नुकसानभरपाईच्या तक्त्यात घराला रकाना असतो, शेताच्या क्षेत्राला असतो, झाडांनाही असतो. पहिले बी कुणी टाकायचे याला रकाना नसतो. ज्यांना आपण निसर्गपूजक म्हणतो त्यांच्याविषयी पुढचे वाक्य फार सोपे होते : त्यांचे काय, दुसऱ्या डोंगरावर जाऊन तिथल्या निसर्गाची पूजा करतील. हे वाक्य उघडपणे कुणी उच्चारत नाही. ते उच्चारावे लागू नये, एवढी व्यवस्था आपल्या निबंधांनी करून ठेवली आहे.

म्हणून माझे सहव्यवसायींना एवढेच सांगणे आहे की कोणत्याही कृषिउत्सवावर लिहिताना आधी तीन प्रश्न विचारावेत. आरंभ कोण करतो? त्या दिवशी कुणी काय करायचे नाही? आणि कुणाचे देणे फेडले जाते? त्यानंतर वेशभूषा, वाद्ये आणि गीते यांवर पाहिजे तितकी पाने खर्चावीत. हे प्रश्न तांगखुलांपुरते नाहीत. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही, हा नियम झुलीच्या आणि बेगडाच्या वर्णनात आपणही बुडवून टाकला आहे. त्या मुलीने आम्हाला आमचाच सण वाचून दाखवला.

या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत मी प्रश्न बदलला : ‘आपल्या परिसरातील एका कृषिउत्सवातील निषेधांची नोंद करा व ते कुणाच्या हिताचे आहेत ते लिहा.’ एक विद्यार्थी परीक्षेनंतर भेटायला आला. हा प्रश्न कुठल्याच मार्गदर्शिकेत नव्हता, अशी त्याची तक्रार होती. म्हणून त्याने घरी आजोबा जे सांगत ते आठवून लिहिले होते. त्याला किती गुण द्यायचे हे मी अजून ठरवतो आहे, कारण त्याने लिहिलेल्या पाचांपैकी तीन निषेध मलाही ठाऊक नव्हते.